पिंडापाशी मारलेली हाक

लाकडावर लाकूड आपटलं की आवाज येतो. कोरड्या लाकडाचा वेगळा, भिजलेल्याचा वेगळा. भिजलेल्याचा आवाज जड असतो, पोटातून आल्यासारखा. पाच वर्षांपूर्वी ह्याच गावच्या नदीकाठी मी तो ऐकला. पाण्यात तेव्हा एकही लाकूड नव्हतं.

"म्हणजे भुताची गोष्ट?" गौरांगी म्हणाली. "काका, प्लीज! मला आज बेसमेंटमध्ये झोपायचंय."

मग कानात ती गाण्याची वायर घालून बस, पोरी. पण ईशानीने विचारलं म्हणून सांगतो. दुपारी तुम्ही सगळे व्हॅनमधून उतरलात. जुनी पाणचक्की पाहिलीत, छपराचा लाकडी पूल पाहिलात, हा देवेश तर डोंगरावरच्या लुकआउटपर्यंत धावत गेला. नदीकाठच्या त्या लहानशा दफनभूमीपाशी मात्र मी उतरलो नाही.

"गुडघे दुखतात म्हणालात," ईशानी म्हणाली.

गुडघे रोजच दुखतात. देवेश, एक लाकूड टाक शेकोटीत आणि दिवा तेवढा राहू दे.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. माँट्रियलला कपड्याच्या कारखान्यात इस्त्रीवर माझा जन्म गेला. हेमचंद्र इंजिनियर. पण तो आणि मी एकाच हिवाळ्यात ह्या देशात उतरलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच जाड कोटात आलटून पालटून बाहेर पडलो. त्यामुळे तो मला शेवटपर्यंत अरे-तुरे करायचा, मीही. त्याची बायको जयंतीवहिनी. दोघंही आज नाहीत. आधी एक गेलं, मग दुसरं.

त्यांना एकच मुलगा, तनय. माझ्या खांद्यावर बसून त्याने पहिला बर्फ पाहिला. दोन हजार एक साली, ऑक्टोबरात, मित्रांबरोबर तो ह्याच गावात आला, व्हाल-दे-ब्र्यूमला. तुम्ही आला आहात तसाच, रंगलेली झाडं पाहायला. चक्की पाहिली, पूल पाहिला, चर्च पाहिलं. संध्याकाळी मित्र मोटेलवर परतले. हा म्हणाला, धबधब्याचा एक फोटो घेऊन येतो, नदीच्या वाटेने जातो, तुम्ही पुढे व्हा.

आला नाही.

पोलीस आले, कुत्री आली, गावातली माणसं काठ्या घेऊन रांगेने जंगलात शिरली. चांगली माणसं. काही सापडलं नाही. बूट नाही, टोपी नाही, काहीच नाही.

त्या दिवसापासून जयंतीवहिनी रोज रात्री जेवणं झाली की एक ताट वाढून टेबलावर झाकून ठेवू लागल्या. तनयचं. सकाळी तेच अन्न स्वतः खायच्या, शिळं. हेमचंद्र एकदा म्हणाला, "अगं, निदान गरम तरी करून खा." तर म्हणाल्या, "तो कुठे गरम खातोय, मग मला गरम कशाला," आणि तसंच थंड खाल्लं. सहा वर्षं हे चाललं. माणूस रडला तर बघवतं. हे बघवत नव्हतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात हेमचंद्रच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं. तो माझ्याकडे आला. आम्ही बाल्कनीत बसलो.

"रविकांत, तनयचं करून टाकायला हवं."

"गुरुजी काय म्हणाले?"

"हरवलेल्या माणसासाठी बारा वर्षं थांबायचं म्हणाले. माझ्याकडे बारा वर्षं आहेत का? मी गेलो की ही एकटी त्या ताटाकडे बघत बसेल. पोराला वाट मोकळी करून देतो. तो सुटला की हीसुद्धा सुटेल."

मी नको म्हणालो नाही. मलाही वाटत होतं, एकदाचं ते ताट थांबावं.

सर्वपित्री अमावास्येला इथे आलो. दहा ऑक्टोबर, बुधवार. हेमचंद्रला रात्रीचं नीट दिसत नव्हतं, म्हणून गाडी मी घेतली. तो दरवर्षी करायचा तसं आधी सगळीकडे फिरला. चक्कीपाशी थांबला. पुलावर जाऊन कठड्याला हात लावून आला. लुकआउटवर चढता येईना, तर खालूनच वर बघत राहिला. तनयचे पाय जिथे जिथे लागले होते, तिथे तिथे. जयंतीवहिनी मागच्या सीटवरून हलल्या नाहीत.

दुपार कलल्यावर आम्ही नदीकाठच्या त्या दफनभूमीपाशी आलो. धबधब्याची वाट तिथूनच आत जाते.

"वहिनी, येताय ना?" मी विचारलं.

"कशाला? माझं पोर जिवंत आहे, भाऊजी. जिवंत माणसाचे पिंड मी बघणार नाही. तुम्ही दोघं खुशाल खेळा काय खेळायचंय ते."

भाताचे पिंड घरूनच करून आणले होते. हेमचंद्र तो डबा घेऊन पुढे झाला.

तुम्ही ते लाकडी क्रॉस पाहिलेत. वीसेक असतील, एकावरही नाव नाही. पूर्वी ह्या डोंगरात हिवाळाभर झाडं तोडायचे आणि बर्फ वितळलं की ओंडके नदीत सोडायचे. त्या ओंडक्यांवरून पोरं पळायची, हातात लांब काठी घेऊन, अडकलेले ओंडके सोडवायला. तुमच्या वयाची पोरं. पाय घसरला की खाली, आणि वरून ओंडके मिटून जायचे. खाली कुठेतरी प्रेत लागलं की तिथेच काठावर पुरायचं. कुणाचं कोण, ते दरवेळी कळायचंच असं नाही. ही ती पोरं.

हेमचंद्रने त्यांच्यामधलीच एक सपाट जागा निवडली. मी म्हणालो, जरा बाजूला बघू. तो म्हणाला, "बाजूला उतार आहे, गडगडतील. आणि हीसुद्धा बुडालेलीच की रे. चालेल."

मेपलची मोठी लाल पानं पसरली. त्यावर पिंड ठेवले. तीळ, पाणी. येत होते तेवढे मंत्र म्हटले. मग आम्ही दहा पावलं मागे होऊन उभे राहिलो, कावळ्याची वाट बघत.

इथे आपले कावळे नाहीत, डोमकावळे आहेत. मोठे, काळेशार. समोरच्या झाडांवर ओळीने बसले होते. पण हलत नव्हते. ओरडतही नव्हते.

तुम्हाला माहीत असेल, पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागे अडकलंय म्हणतात. मग घरच्यांनी त्याला वचन द्यायचं. बरोबर वचन सापडलं की कावळा उतरतो.

हेमचंद्रने हात जोडले. "तनय, तुझ्या आईला मी जपेन."

कावळे बसलेलेच.

"तुझी खोली तशीच ठेवू. तुझ्या गिटारला कुणी हात लावणार नाही."

नाही.

"तुला इंजिनियरिंगला मी घातलं. तुला नको होतं. चुकलं माझं."

नाही...

ऊन गेलं. ह्या डोंगरात संध्याकाळ होत नाही, एकदम अंधारूनच येतं. थंडी वाढली. मी त्याच्या दंडाला धरलं, म्हटलं, चल आता, दर्भाचा कावळा करून शिववू, तसंही चालतं. आणि तेव्हा तो आवाज आला.

ठक्.

नदीतून. मग परत... ठक्... ठक्... जड. भिजलेल्या लाकडावर भिजलेलं लाकूड. मी नदीकडे पाहिलं. पाणी काळं, सपाट. त्यावर काहीच नव्हतं.

हेमचंद्रला तो ऐकू आला की नाही, कोण जाणे. तो गुडघ्यांवर बसला होता. लहान मुलासारखा रडत होता. आणि रडता रडता म्हणाला, "नसेल जायचं तर नको जाऊ रे. घरी चल. बाळा, घरी चल. आई ताट वाढून बसलीय."

आवाज थांबला.

पिंडापाशी जा म्हणायचं असतं, पोरांनो. सुखाने जा, आमची काळजी करू नकोस, असं. घरी चल कुणी म्हणत नाही. आणि त्याने नावही घेतलं नाही. बाळा म्हणाला. त्या जागेत प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा बाळ होता.

झाडांवरचे सगळे डोमकावळे एकदम उडाले. आम्ही दोघांनी मान वर केली. परत खाली पाहिलं तर पानं रिकामी होती. भाताचं शीतसुद्धा नव्हतं.

"शिवला!" हेमचंद्र ओरडला. "रविकांत, शिवला रे!"

"हेमचंद्र, पक्षी खाली आलाच नाही."

"तुझं लक्ष नव्हतं."

माणूस सहा वर्षांनी हसत होता.

परत येतानाही गाडी मीच चालवत होतो. बऱ्याच वेळाने मी आरशातून मागे पाहिलं. जयंतीवहिनी मघाशी सीटच्या मधोमध बसल्या होत्या, पाय पसरून. आता त्या एका बाजूला सरकल्या होत्या. अगदी दाराला चिकटून. आपण शेजारच्याला जागा करून देतो, तशा. त्यांच्या बाजूची काच स्वच्छ होती. दुसऱ्या बाजूची आतून वाफेने धुरकटली होती...

"काका, स्टॉप," गौरांगी म्हणाली. मग म्हणाली, "नाही, सांगा."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज असा, की मी आधी ओळखलाच नाही. "भाऊजी, तनय जेवतो हो आता. रात्री झाकून ठेवते, सकाळी ताट स्वच्छ. काल भरलं वांगं सगळं संपवलं. आधी तोंड वाकडं करायचा वांग्याला!" मी हेमचंद्रला विचारलं. तो म्हणाला, रात्री झोपेत उठून तीच खात असेल, खाऊ दे, निदान ताजं पोटात जातंय. पण पुढच्या महिन्यात त्याचे फोन कमी झाले. आणि डिसेंबरात एका शनिवारी तो म्हणाला, "आज सोबतीला येशील?"

त्या रात्री मोठं बर्फाचं वादळ होतं. ब्रोसार्डला त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझी गाडी दोनदा रुतली. शेजारचा पोरगा शोव्हल घेऊन मदतीला आला. वहिनींनी गरम खिचडी वाढली, मला आग्रह केला, हसल्या. मग एक ताट वाढलं. खिचडी, पापड, लिंबाची फोड. टेबलावर ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं, आणि वर झोपायला गेल्या.

हेमचंद्र आणि मी बाजूच्या बैठकीत सोफ्यावर बसलो. तिथून टेबल दिसतं. त्याने दिवे घालवले.

"ती नाही खात," तो हळूच म्हणाला. "मी तिच्यावर नजर ठेवली. ती गाढ झोपलेली असते. आणि खाली..."



बाहेर वारा होता. मग वारा पडला. भिंतीवरच्या घड्याळात दीड झाला होता, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडत होता.

आधी वास आला. ओल्या लाकडाचा. नदीच्या तळाच्या गाळाचा.

दार उघडलं नव्हतं.

खुर्ची सरकली. एकच. हळू.

वरचं झाकणाचं ताट बाजूला ठेवलं गेलं.

मला दिसत काहीच नव्हतं... टेबलाच्या त्या बाजूला अंधार जरा जास्त होता, एवढंच. पण ऐकू येत होतं. कुणीतरी जेवत होतं. भराभर. खूप दिवसांचा उपाशी माणूस जेवतो तसं, श्वास न घेता. पापड मोडला. बोटांनी ताट निपटल्याचा आवाज आला. हेमचंद्रचा हात माझ्या मनगटावर होता. बर्फासारखा.

मग ताट उचललं गेलं.

आणि टेबलावर पालथं पडलं.

त्यानंतर... काही नाही.

बराच वेळ.

मी उठून दिवा लावला. खुर्ची मागे ओढलेली होती. तिच्या गादीवर पाणी. समोर ताट पालथं, नीट मधोमध. हेमचंद्र म्हणाला, "रोज असंच. सगळं खातो आणि ताट पालथं घालतो. तनय असं कधी करायचा नाही. का करतो, रविकांत? चिडलाय का माझ्यावर?"

मला ते माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं. कारखान्यात माझ्या शेजारच्या इस्त्रीवर मादाम जिझेल नावाची म्हातारी होती. डबा खाऊन झाला की ती बशी उलटी करायची आणि तिच्या पाठीवर काकवी ओतून पावाने खायची. मी हसलो तर म्हणाली, हसू नकोस, माझा बाप असंच खायचा. लाकूडतोड्यांच्या तळावर एकाला एकच ताट मिळायचं. आधी जेवण, मग ताट पालथं घालून त्याच्या पाठीवर गोड. ताट पालथं घालून ती पोरं बसून राहायची, आचारी काकवी घेऊन येईपर्यंत.

मी हेमचंद्रला हे सांगितलं. शक्य तेवढ्या हळू आवाजात.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हा आपला नाही."

"नाही."

"मी हाक मारली आणि हा आला."

जिन्यावर जयंतीवहिनी उभ्या होत्या. शाल गुंडाळून. किती वेळ, माहीत नाही.

हेमचंद्र उठला. "जयंती, ऐक. हा तनय नाही. कुणी दुसराच आहे. नदीतला."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"गाडीतच कळलं. तनय म्हणत राहिले, ते म्हणायला कुणीतरी मिळालं म्हणून. माझ्या पोराचा वास मी विसरेन का?" त्या खाली आल्या. "तुम्हीच बोलावलंत ना? मग? आलेल्याला उपाशी घालवू?"

त्यांनी ओट्यावरचा गुळाचा डबा उघडला. एक खडा काढला आणि पालथ्या ताटाच्या पाठीवर ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊजी, दिवा घालवा. उजेडात लाजतो तो."

मी हेमचंद्रकडे पाहिलं. तो त्या गुळाकडे बघत होता. मी दिवा घालवला.

अंधार.

आम्ही तिघं उभे.

खुर्ची कुरकुरली...

गुळाचा खडा मोडला. कट्कन.

आणि मग दुसरी खुर्ची सरकली.

मी दिवा लावला. माझ्या हाताला बटण सापडत नव्हतं, पण लावला. ताटावर गूळ नव्हता. पहिल्या खुर्चीच्या समोरची खुर्ची, आजवर कधी न हललेली, टेबलापासून हातभर मागे होती. तिच्याही गादीवर पाणी होतं. थेंब थेंब खाली पडत होतं. तिच्यासमोर टेबल रिकामं होतं.

वहिनी पुढे झाल्या. त्या दुसऱ्या गादीवर त्यांनी तळवा ठेवला. बोटं नाकाशी नेली. वास घेतला. परत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

"जयंती?" हेमचंद्रचा आवाज फाटला. "कोण आहे? सांग ना. तनय आहे का?"

"कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "पाण्याने सगळा वास गेलाय."

मग मांडणीवरून दुसरं ताट काढलं. पुसलं. त्या खुर्चीपुढे मांडलं.

"अगं, ती वीस आहेत तिथे," हेमचंद्र म्हणाला. "किती ताटं मांडणार आहेस?"

"येतील तेवढी. त्यांतला एखादा आपला असेल."

हेमचंद्र वहिनींकडे बघत उभा राहिला. त्यांचं ताट थांबावं म्हणून तो एवढ्या लांब गेला होता. त्या खुर्च्या त्याने मोजल्या, मला दिसलं. टेबलाला सहा खुर्च्या होत्या. भिंतीशी आणखी दोन. मग तो दाराकडे गेला. बसून बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. कोट अंगात घातला नाही. मी हाक मारली. वहिनींनी वर पाहिलं नाही, त्या पातेल्यातली उरलेली खिचडी गरम करत होत्या. त्याने दार उघडलं, आत बर्फ आला, दार मागे ओढून घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध, दिव्याखालून चालत गेला. आधी एक गेलं म्हणालो ना, ते असं.